पाच लाख किलोमीटर चाललेला टर्बो

कुंभकोणमच्या आजूबाजूला नवग्रहांची नऊ क्षेत्रे विखुरलेली आहेत. राहूचे तिरुनागेश्वरम शहरापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, गुरूचे आलंगुडी आणि सूर्याचे सूर्यनारकोविल थोडे पुढे, तर मंगळाचे वैदीश्वरनकोविल, बुधाचे तिरुवेंकाडू आणि शनीचे तिरुनळ्ळार त्याहून बरेच लांब. पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडून येणारी मराठी कुटुंबे ही यात्रा बहुधा भाड्याच्या गाडीने करतात, आणि ती गाडी पुष्कळदा पांढरी टोयोटा इनोव्हा असते. मागच्या पिढीतल्या डिझेल इनोव्हाच्या मीटरवर चार-पाच लाखांचा आकडा दिसला, तर टॅक्सीच्या धंद्यातल्या कोणाला त्याचे नवल वाटत नाही. दुसरीकडे आपल्याकडे जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो : टर्बोची गाडी असेल तर लाखाच्या पुढची घेऊ नका. डिझेल इनोव्हाला तर पहिल्या दिवसापासून टर्बो आहे. मग एकाच जातीचे यंत्र एका ठिकाणी पाच लाख आणि दुसऱ्या ठिकाणी लाखभरच का टिकते?

‘जपानी गाडी आहे, टिकणारच’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. इंजिन किती टिकेल हे मीटरवरच्या किलोमीटरवरून आणि बॉनेटवरच्या नावावरून फार थोडे कळते. त्याच्याकडून ताकदीच्या मानाने किती काम घेतले, ते किती वेळा गार असताना सुरू झाले आणि त्याचे तेल किती स्वच्छ राहिले, या तीन गोष्टींवर बरेचसे ठरते. टर्बोमुळे तिन्हींचे महत्त्व वाढते, एवढेच.

टर्बो नेमके काय करतो

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळालेल्या वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. साध्या इंजिनात ती सायलेन्सरवाटे वाया जाते. टर्बोमध्ये हा गरम वायू एका छोट्या पंख्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन नीट जाळता येते, म्हणजेच तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त जोर मिळतो. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले.

अडचण दांड्याची आहे. तो मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. मोटारीच्या इतर भागांत वापरतात तसे साधे बेरिंग तिथे टिकत नाही, म्हणून बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. थर शाबूत असेपर्यंत धातूला धातू लागत नाही आणि झीज जवळपास होत नाही. म्हणजे टर्बो फिरल्यामुळे झिजतो, ही समजूतच चुकीची आहे. तेल पोचायला उशीर झाला, तेलात कचरा आला किंवा तेल जळून घट्ट झाले, की तो झिजतो. एखादा टर्बो चार लाख किलोमीटर कसा चालतो, हे कोडे इथेच बरेचसे सुटते. त्याला चार लाख किलोमीटर वेळेवर तेल मिळालेले असते.

एकाच व्यासाची दोन इंजिने

टर्बो असणे आणि नसणे यांची तुलना करायची संधी टोयोटाने आपल्याला घरबसल्या दिली आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावातले किर्लोस्कर म्हणजे ज्यांनी सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली तेच घराणे. बंगळूरजवळच्या बिडदी कारखान्यातून जानेवारी २००० मध्ये तिने क्वालिस आणली आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा. क्वालिसच्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर होता, इनोव्हाचाही ९२. एकूण आकारमान क्वालिसचे २४४६ सीसी, इनोव्हाचे २४९४ सीसी. आकाराने ही दोन इंजिने जवळजवळ जुळी, पण क्वालिसला टर्बो नव्हता आणि तिची ताकद ७५ अश्वशक्ती होती. टर्बो आणि नव्या कॉमन रेल इंधनपद्धतीच्या जोरावर इनोव्हाने १०२ अश्वशक्ती दिली. इंजिनाचा ओढ देणारा जोर, म्हणजे टॉर्क, दीडशेच्या आसपासवरून २०० न्यूटन-मीटरवर गेला, आणि तोही इंजिन संथ फिरत असतानाच मिळू लागला.

या शेवटच्या मुद्द्याकडे सहसा लक्ष जात नाही. संथ फिरताना जोर मिळाला, की चालकाला इंजिन पिळावे लागत नाही. हिशेबासाठी ताशी ६० किलोमीटरचा वेग धरा. या वेगाने मिनिटाला एक किलोमीटर होतो, म्हणून इंजिनाच्या मिनिटाला जितक्या फेऱ्या तितक्याच किलोमीटरला. समजा, टर्बोच्या जोरामुळे वरचा गिअर टाकता आला आणि २२०० ऐवजी १८०० फेऱ्यांत काम भागले. किलोमीटरला ४०० फेऱ्या वाचल्या, म्हणजे पाच लाख किलोमीटरमध्ये २० कोटी. तेवढ्या वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासल्या नाहीत. टर्बोमुळे प्रत्येक स्फोटाचा दाब वाढतो हे खरे. तो पेलण्यासाठी इनोव्हाच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, जाड आणि जड ठेवला आहे.

टर्बो आहे की नाही, यापेक्षा इंजिनाकडून किती ओरबाडून घेतले हे पाहावे. त्याचे सोपे माप म्हणजे दर लीटर आकारमानामागे किती अश्वशक्ती. इनोव्हा २.५ मध्ये हा आकडा सुमारे ४१ येतो. टॅक्सीवाल्यांच्या आवडत्या इटिऑस डिझेलमध्ये सुमारे ५०, डिझायरच्या १.३ लीटर डिझेलमध्ये ६०, आणि २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लीटर इंजिनात साधारण ६३. आता मारुती सुझुकीची २०१७ ची बलेनो आरएस पाहा. तिच्या ९९८ सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकदही बरोबर १०२ अश्वशक्ती होती. जी ताकद इनोव्हा अडीच लीटरमधून काढते, ती इथे एका लीटरमधून निघते. पेट्रोल आणि डिझेलची अशी थेट तुलना पूर्ण न्याय्य नाही. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर ताकद देते आणि त्याच्या बांधणीचे गणितही वेगळे आहे. तरी उष्णतेचा फरक उरतोच. पेट्रोल इंजिन जोरात चालताना टर्बोपर्यंत पोचणारा वायू ९०० अंशांच्याही वर जाऊ शकतो. डिझेल नेहमी भरपूर जादा हवेत जळते, म्हणून त्याचा वायू त्या मानाने गार असतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिन वाईट असते असा याचा अर्थ नाही. त्याच्याकडे चुकीला जागा कमी असते, म्हणून तेलाची प्रत आणि तेल बदलण्याची वेळ या गोष्टी तिथे जास्त काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

गार इंजिनाचा हिशेब

सिलिंडरची सर्वांत जास्त झीज इंजिन गरम होईपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत होते. गार भिंतींवर जळणातून आलेली वाफ पाणी होऊन बसते, तिच्यात गंधकाची आणि नत्राची आम्ले मिसळतात, तेल घट्ट असल्याने सगळीकडे पोचायला वेळ लागतो. टर्बोच्या दांड्यालाही सुरुवातीचे काही क्षण तेलाच्या दाबाविना काढावे लागतात.

आता दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. पुण्यातली एक घरगुती गाडी सकाळी दहा किलोमीटरवरच्या ऑफिसला जाते आणि संध्याकाळी परत येते. म्हणजे तिला दर दहा किलोमीटरमागे एक गार सुरुवात. कुंभकोणमची टॅक्सी पहाटे एकदा गार सुरू होते आणि दिवसभरात दोनशे किलोमीटर करते. मधल्या प्रत्येक देवळापाशी ती बंद होते खरी, पण तासाभरात इंजिन गार होत नाही. या हिशेबाने टॅक्सीच्या पाच लाख किलोमीटरमध्ये २५०० गार सुरुवाती होतात. घरगुती गाडीच्या तितक्याच गार सुरुवाती अवघ्या २५ हजार किलोमीटरमध्ये होऊन जातात. त्यात हवामानाची भर. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पौषातल्या पहाटेही पारा सहसा विशीच्या आसपासच थांबतो. निफाडच्या किंवा पुण्याच्या थंडीत तो एकेरी आकड्यावर येतो, तेव्हा इंजिन तापायला जास्त वेळ लागतो.

गार इंजिनाचा मार जपानी नावामुळे चुकत नाही, याचा दाखला २०१८ मध्ये मिळाला. चीनच्या थंड उत्तर भागात होंडाच्या १.५ लीटर टर्बो पेट्रोल इंजिनाच्या तेलात पेट्रोल मिसळत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला हजारो गाड्यांवर उपाय करावा लागला. कडाक्याची थंडी आणि छोट्या फेऱ्या असल्या, की न जळलेले पेट्रोल भिंतीवरून खाली तेलात उतरते, आणि ते उडून जाण्याइतके इंजिन तापतच नाही. तेल पातळ झाले की त्याचा थर दुबळा होतो. अशा वापराला तोंड देताना त्या इंजिनाचे गणित चुकले.

किलोमीटरचा आकडा टॅक्सीच्या बाजूनेही फसवतो, हे सांगितले पाहिजे. भाविक दर्शनाच्या रांगेत असताना चालक कधी कधी एसी लावून गाडीत बसतो. इंजिन तासभर चालते आणि मीटर एक किलोमीटरही पुढे जात नाही. संथ चालणाऱ्या डिझेलमध्ये जळण गार राहते, काजळी जास्त होते, आणि ती तेलात व हवेच्या नळीत साचते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरच्या मीटरवर तास असतात आणि तेल तासांवरच बदलतात. गाडीचा बराच वेळ उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवण्यात जात असेल, तर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच तेल बदलायला हवे.

देवळापुढे थांबताना आणि पाचगणीत थांबताना

‘टर्बोची गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटे चालू ठेवा’ हा सल्ला सर्वांना पाठ असतो. त्यामागचे कारण कळले, की तो कधी पाळायचा हेही कळते. टर्बोची एक बाजू काही शे अंशांवर तापलेली असते. इंजिन चालू असेपर्यंत वाहते तेल तिथली उष्णता घेऊन जाते. इंजिन बंद करताच तेलाचा पंप थांबतो, पण धातूतली उष्णता दांड्याकडे सरकतच राहते. तिथे अडकलेले थोडेसे तेल जागीच भाजते. तळणाच्या कढईच्या काठाला तेलाचा जो काळा चिवट थर चढतो आणि राखेने घासूनही निघत नाही, तसाच थर दांड्याभोवती आणि तेलाच्या बारीक वाटांत धरतो. रोज थोडा थोडा थर चढत गेला, की वाट अरुंद होते आणि दांड्याला तेल कमी पडू लागते.

कुंभकोणमच्या परिसरात हा धोका फारसा नसतो. प्रदेश सपाट, घाट नाही, आणि देवळाकडे जाणारा शेवटचा रस्ता गावातल्या गल्लीतून, बैलगाड्या आणि स्पीडब्रेकर सांभाळत जातो. गाडी थांबेपर्यंत टर्बो आपोआप निवलेला असतो. तिथे वेगळी दोन मिनिटे मोजण्यात अर्थ नाही. वाईहून पसरणीचा घाट भरल्या गाडीने, एसी लावून चढायचा आणि पाचगणीच्या बाजारात शिरताच किल्ली फिरवायची, ही गोष्ट वेगळी. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने येऊन खालापूरच्या फूड मॉलवर थेट बंद करायचे, तीही वेगळी. अशा वेळी मिनिटभर संथ चालू ठेवण्याने खरोखर फरक पडतो. काही टर्बोंच्या मधल्या भागात कूलंटही फिरते. इंजिन बंद झाल्यावरही ते थोडीफार उष्णता ओढून घेते, म्हणून तिथे धोका आणखी कमी होतो.

‘टर्बो गेला’ असे म्हणण्याआधी

गॅरेजमध्ये सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे टर्बोला गुन्हेगार ठरवणे. बहुतेक वेळा त्याचे मरण दुसऱ्याच्या चुकीने आलेले असते. जुन्या इनोव्हाचे २.५ लीटर इंजिन टोयोटाच्या ज्या केडी घराण्यातले, त्या घराण्यातल्या इंजिनांचा, विशेषतः ३ लीटरच्या इंजिनाचा, जगभर माहीत झालेला एक दोष त्याचे उत्तम उदाहरण आहे. या इंजिनात इंजेक्टर ज्या बैठकीवर बसतो, तिथे तांब्याचा एक छोटा वायसर असतो. पुढे-मागे तो नीट दाबून धरेनासा होतो आणि जळणाचा गरम, काजळीने भरलेला वायू त्याच्या बाजूने वर निसटून तेलात मिसळतो. तेल काळे, दाट, डांबरासारखे होते. त्यातला गाळ तळाशी जातो आणि पंप जिथून तेल ओढतो त्या जाळीवर बसतो. जाळी चोंदत जाते, तेलाचा दाब घसरतो, आणि तेलाविना सर्वांत आधी तडफडतो तो सर्वांत वेगाने फिरणारा भाग, म्हणजे टर्बो. मालक नवा टर्बो बसवतो. जाळी तशीच असते. काही हजार किलोमीटरमध्ये नवा टर्बोही जातो, आणि त्याच्यामागून क्रँकचे बेरिंग. मूळ दुखणे तांब्याच्या त्या चकतीत होते, आणि ती वेळेवर बदलली असती तर खर्च टर्बोच्या तुलनेत नगण्य आला असता.

हवेच्या बाजूचेही तेच. फाटका किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर सुगीच्या दिवसांतली भाताची धूळ आत सोडतो. ती लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांच्या कडा झिजवते आणि पुढे सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते.

> चौकट : जुनी टर्बो डिझेल पाहताना
> मीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात आणि दोन तेलबदलांमधले अंतर मोजावे. गाडी पूर्ण गार असताना सुरू करून बघावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढल्यावर जोराने धूर मारत असेल, म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते असेल, तर रिंगांची किंवा इंजेक्टरच्या वायसरची शंका घ्यावी. बराच वेळ संथ ठेवून एकदम अॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर टर्बो तेल सोडत असण्याची शक्यता आहे. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल, तर तो पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरवर बदलल्याचा पुरावा मागावा. तो तुटला तर टर्बो चांगला असूनही इंजिन हातचे जाते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आपल्याला फक्त टिकलेल्या गाड्या दिसतात. ज्या इनोव्हा दोन लाखांवर बसल्या त्या भंगारात गेल्या आणि स्टँडवर उरल्या त्या दणकट. आक्षेप योग्य आहे. स्टँडवरच्या गाड्या मोजून सरासरी आयुष्य काढता येणार नाही, आणि ‘अमक्याची पाच लाख चालली’ हा पुरावा नव्हे. म्हणूनच इथे सगळा भर उदाहरणांच्या संख्येवर न देता कारणांवर दिला आहे. गार सुरुवातींचा हिशेब, ताकदीचे प्रमाण आणि तेलाचे वर्तन या गोष्टी न टिकलेल्या गाड्यांनाही तशाच लागू होतात, आणि त्या का टिकल्या नाहीत हेही त्यांवरूनच समजते. शिवाय टॅक्सीचे एक व्यावहारिक बळ आहे. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. तिच्या मीटरवर दहा हजार किलोमीटर दोन-तीन महिन्यांत होतात, म्हणून तिला वर्षातून अनेकदा ताजे तेल मिळते. वर्षाला सहा हजार चालणाऱ्या घरगुती गाडीचा मालक ‘अजून किलोमीटर झाले नाहीत’ म्हणत दीड-दोन वर्षे तेच, पाणी आणि आम्ल साठलेले तेल चालवतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. जपानी कारखान्यांची धातूची प्रत आणि अचूकता यांचे श्रेय नाकारायचे का? मुळीच नाही. पाच लाखांचे आयुष्य चांगल्या ओतकामाशिवाय होत नाही. पण डिझायरचे १.३ लीटर डिझेल इंजिन लक्षात घ्या. गाडीवर जपानी सुझुकीचे चिन्ह, इंजिन मात्र फियाटच्या रचनेचे, म्हणजे मूळचे इटालियन. त्यालाही टर्बो होता, आणि एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल थांबवेपर्यंत देशभरच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच्यावर लाखो किलोमीटर काढले. टॅक्सीचा वापर आणि टॅक्सीची देखभाल मिळाली, की इटालियन रचनाही तशीच टिकते. राष्ट्रीयत्वाचे श्रेय त्या प्रमाणातच द्यायला हवे.

बीएस-६ नंतर उलटलेले गणित

भारतातल्या डिझेलमधले गंधक टप्प्याटप्प्याने घटत गेले. प्रदूषणाच्या बीएस-३ मानकात दहा लाख भागांत ३५० भाग, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून देशभर, १० भाग. गंधक कमी म्हणजे आम्ल कमी, म्हणजे तेल आणि सिलिंडर दोन्ही जास्त काळ चांगले. जुन्या इनोव्हांनाही हा लाभ आपसूक मिळाला.

नव्या डिझेल गाड्यांत मात्र धुराच्या वाटेवर काजळी पकडणारी गाळणी आली. ती भरत आली की साचलेली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास काही मिनिटे राहावे लागते. महामार्गावर ते सहज होते. पाच किलोमीटर जा, थांबा, एसी लावून उभे राहा, पुन्हा सात किलोमीटर जा, अशा नवग्रह फेरीत ते होत नाही. काही इंजिनांत काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडले जाते. ही जाळणी वारंवार अर्धवट राहिली, की त्यातले काही खाली तेलात उतरते आणि तेल पातळ होते. ज्या हलक्या, संथ वापराने जुन्या इनोव्हाला दीर्घायुष्य दिले, तोच वापर नव्या डिझेलला अडचणीचा ठरतो. म्हणून अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी तंजावर-तिरुची मार्गावर एका दमात पळवून आणणे हा चैनीचा फेरफटका न मानता देखभालीचा भाग मानावा लागतो. गाळणी भरल्याचा दिवा लागल्यावर त्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या देवळाकडे निघालेल्या चालकाला पुढे गाळणी आणि टर्बो दोन्हींचा खर्च येऊ शकतो.

२०२२ च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये टोयोटाने टर्बो घेतलाच नाही. दोन लीटरचे साधे पेट्रोल इंजिन आणि जोडीला, वरच्या प्रकारांत, विजेची मोटर. टर्बोने क्वालिसच्या तुलनेत जे दिले होते, म्हणजे संथ गतीत मिळणारा जोर, तो आता मोटर पुरवते, आणि गल्लीतल्या गतीत इंजिन बहुतेक वेळ बंदच राहते. एसीही बॅटरीवर चालत असल्याने देवळापुढे ताटकळताना इंजिन अधूनमधूनच सुरू होते. तिथे तेल भाजायला टर्बोचा तापलेला दांडा नाही, पण दिवसाकाठी इंजिन कितीतरी वेळा बंद-चालू होते. त्या सुरुवाती बहुतांशी गरम असतात हे बरे. बॅटरी आणि तिची विद्युत यंत्रणा पाच लाखांचा पल्ला कसा गाठते, ते या गाड्या तितक्या चालल्यावर तपासता येईल.